पापण्यांच्या कडांसाठी घेतलेल्या वस्तू: काय ठेवलं, काय कपाटात गेलं

ज्यांना जुनाट ब्लेफरायटिस, म्हणजे पापण्यांच्या कडांची सूज आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पापण्यांच्या कडा लाल, सकाळी उठल्यावर डोळे चिकटलेले, केसांच्या मुळाशी कोंडा, दिवसभर डोळ्यांत कचकच आणि मधूनच एखादी रांजणवाडी, हे सगळं ज्यांच्या रोजच्या ओळखीचं आहे त्यांच्यासाठी. यावर बाजारात बरंच काही मिळतं आणि घरोघरी सांगितलंही बरंच जातं. त्यातलं बरचसं मी वापरून पाहिलं आहे. कशावर पैसे घालावेत, कशावर घालू नयेत आणि काय डोळ्याच्या जवळही नेऊ नये, ते माझ्या अनुभवातून आणि डॉक्टरांकडून समजून घेतलेल्या गोष्टींतून सांगते.

मी इचलकरंजीत कापड तपासणीचं काम करते. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट लावलेली असते, काचेवरून कापड ओढत न्यायचं आणि तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, सुटलेलं पिक (आडवा धागा) शोधायचं. नजर कापडावरून हटवता येत नाही. हवेत कापसाचं तूस कायम तरंगत असतं, डोक्यावर पंखा सुरू असतो. या कामात पापणी किती कमी लवते ते बाहेरच्याला कळणार नाही. माणूस एरवी मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, पण नजर लावून जवळचं काम करताना किंवा मोबाइल बघताना ते प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं. म्हणून हा आजार कापडवाल्यांना जितका छळतो तितकाच कॉम्प्युटरवाल्यांनाही छळतो.

आधी दोन शब्द आजाराबद्दल, कारण ते कळल्याशिवाय कुठली वस्तू का चालते आणि का चालत नाही हे लक्षात येत नाही. मिरजेच्या माझ्या डॉक्टर मॅडमनी मला यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि कापसाच्या काडीने खालची पापणी कडेला हलकीच दाबली. समोरच्या पडद्यावर मला माझीच पापणी दिसत होती. कडेवर एका ओळीत सुईच्या टोकाएवढी छिद्रं होती. त्यातून पातळ, पारदर्शक तेल यायला हवं. माझ्या पापणीतून पांढरट, घट्ट असं काहीतरी वळवळत बाहेर आलं, तेही दोन-तीन छिद्रांतूनच. बाकीची बंद होती. मॅडम म्हणाल्या, "ताई, थंडीत डब्यातलं तूप थिजतं ना, तसं झालंय हे. तूप पातळ करायला काय करता? तेच इथे करायचं, रोज."

त्या तेलाच्या ग्रंथींना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. हाइनरिख मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने 1666 साली त्यांचं वर्णन केलं, त्याचं नाव त्यांना मिळालं. वरच्या पापणीत तीस-चाळीस आणि खालच्या पापणीत वीस-तीस, अशा त्या उभ्या रांगेत असतात. प्रत्येक वेळी पापणी मिटली की थेंबभर तेल अश्रूंच्या थरावर पसरतं आणि अश्रू लवकर उडून जात नाहीत. ग्रंथी तुंबल्या की अश्रू असूनही डोळा कोरडा पडतो. कडेवर जंतू वाढतात, सूज येते, सुजेमुळे ग्रंथी आणखी तुंबतात. दुसऱ्या प्रकारात दुखणं पुढच्या बाजूला, केसांच्या मुळाशी असतं, तिथे कोंडा आणि पापुद्रे साठतात. बहुतेकांना दोन्ही थोडं थोडं असतं, मलाही आहे. हा आजार मुळापासून जात नाही, ताब्यात राहतो. हे मॅडमनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. नाहीतर माणूस एकेक ड्रॉप बदलत "आता बरं होईल" म्हणून वाट बघत बसतो.

म्हणजे रोजचं काम तीन पायऱ्यांचं: शेक, मालिश, धुणं. वस्तूंचा हिशोब त्याच क्रमाने करते.

शेकाचं सगळं गणित तापमानावर आणि वेळेवर आहे. निरोगी माणसाच्या ग्रंथीतलं तेल शरीराच्या नेहमीच्या उष्णतेलाच पातळ राहतं, पण आजारात त्याचा वितळबिंदू वर सरकतो. पापणीच्या आतल्या बाजूला साधारण 40 अंश सेल्सिअस उष्णता पाच-दहा मिनिटं टिकली तर ते सुटतं. पापणीच्या जाडीतून आत जाईपर्यंत उष्णता कमी होते, म्हणून वरून शेक थोडा जास्त लागतो. मात्र 45 अंशांच्या वर गेलं तर कातडी भाजते, आणि पापणीची कातडी सगळ्या अंगावर सर्वांत पातळ असते.

गरम पाण्यात बुडवून पिळलेला नॅपकिन सगळेच सांगतात. फुकटचा आहे, पण मी त्याला कमी गुण देते. आमच्या घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर मी नॅपकिनच्या घडीत घालून पाहिला. सुरुवातीला आकडा त्याच्या मर्यादेच्या वर, आणि दोनेक मिनिटांत सरसर खाली. मग पुन्हा बुडवा, पुन्हा पिळा, पुन्हा डोळ्यांवर ठेवा. मनगटावरून कोपरापर्यंत पाणी ओघळतं, उशी ओली होते. दोन नॅपकिन घेऊन, शेजारी गरम पाण्याचं झाकणाचं भांडं ठेवून, दर दोन मिनिटांनी पालटत राहिलं तर काम होतं. पण डोळे मिटून हे एकटीने करणं त्रासाचं आहे, आणि जे त्रासाचं आहे ते आठवड्याभरात सुटतं. ज्यांच्या घरी कुणीतरी नॅपकिन बदलून द्यायला आहे त्यांनी खुशाल हेच करावं.

उकडलेलं अंडं रुमालात गुंडाळून डोळ्यावर फिरवणं हाही एक प्रकार सांगतात. उष्णता टिकते खरी, पण सोललेलं नसलं तरी अंडं मधे फार गरम असतं आणि गोल असल्यामुळे दाब एकाच जागी पडतो. डोळ्याच्या बुबुळावर दाब आलेला चालत नाही. हा प्रकार मी करत नाही.

जेलचा मास्क, म्हणजे निळ्या द्रवाने भरलेला, थंड आणि गरम दोन्हीसाठी चालतो म्हणून विकतात तो. पाच-सहाशेच्या आत येतो. थंड शेकासाठी उत्तम, गरमासाठी सुमार. जेल डोळ्यांवर ठेवल्यावर खाली ओघळून कानशिलाकडे जमा होतं आणि नेमकं पापणीवर पातळ पडतं. शिवाय गरम पाण्यात किती वेळ ठेवायचा याचा अंदाज येत नाही. कपाटात गेला. डोकं दुखलं की काढते.

यूएसबीवर चालणारा गरम मास्क हजाराच्या आसपास मिळाला. डोळ्यांवर बांधायचा, वायर मोबाइलच्या चार्जरला लावायची, तापमानाच्या तीन-चार पायऱ्या आणि वेळेची घडी. सोय म्हणाल तर याच्याइतकी कशातच नाही. पण दोन गोष्टी तपासून घ्या. एक, दाखवलेलं तापमान आणि पापणीवर येणारं तापमान यात फरक पडतो. माझ्याकडच्या मास्कची सगळ्यात वरची पायरीसुद्धा थर्मामीटरला चाळिशीच्या जेमतेम आसपास लागते, तीही बरीच मिनिटं गेल्यावर. दोन, आतलं अस्तर धुता येतं का? पापणीच्या आजारात अस्तराला तेल, कोंडा, जंतू लागत राहणार. अस्तर निघत नसेल तर घेऊ नका. माझ्या मास्कचं अस्तर सुटं आहे म्हणून तो ठेवला आहे, आणि गावाला जाताना तोच नेते. ज्यांची नोकरी फिरतीची आहे, वसतिगृहात राहणारी मुलं आहेत, त्यांना हा घ्या म्हणून सांगेन.

कागदी, एकदाच वापरायचे वाफेचे मास्क मिळतात. पाकीट फोडलं की आतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागते आणि आपोआप ऊब येते. छान वाटतात, चाळीस अंशांच्या आसपास बराच वेळ टिकतातही, पण रोज एक जाळायचा तर महिन्याचा खर्च परवडत नाही. रेल्वेच्या प्रवासापुरते ठीक.

आता माझी सगळ्यात आवडती वस्तू: जवसाची पोटली. विकतचे मास्कसुद्धा काही ठिकाणी जवस भरूनच करतात, कारण जवसाचा दाणा लहान, चपटा आणि गुळगुळीत असतो. तो पापणीच्या खळग्यात नीट बसतो आणि तेलकट बी असल्यामुळे ऊब धरून ठेवतो. तांदूळ भरूनही करता येते, पण तांदळाचा दाणा टोकदार लागतो आणि पोटली जड होते. मी घट्ट विणीच्या सुती केंब्रिकचा तुकडा घेतला, आधी दोनदा धुऊन कांजी काढली, आणि चष्म्याच्या घरापेक्षा थोडी लांब अशी पिशवी शिवली. मधोमध, नाकाच्या जागी, एक उभी शिवण मारली म्हणजे दोन कप्पे होतात आणि सगळे दाणे एका बाजूला पळत नाहीत. कप्पे अर्धेच भरायचे. ठासून भरले तर पोटली डोळ्यावर टेकत नाही, गालाच्या हाडावरच अडते. धागा सुतीच हवा, पॉलिस्टरचा दोरा गरम झाला की आखडतो. वरून एक सुटी खोळ, ती रोज धुवायची.

ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह आहे त्यांनी वीस-पंचवीस सेकंदांपासून सुरुवात करून अंदाज घ्यावा. माझ्याकडे नाही. मी तवा मंद आचेवर ठेवून त्यावर स्टीलची ताटली उपडी घालते आणि तिच्यावर पोटली दोन्ही बाजूंनी फिरवते. उतरवल्यावर लगेच डोळ्यांवर ठेवत नाही. हातात घेऊन चांगली हलवते, म्हणजे तळाचे तापलेले आणि वरचे कोमट दाणे एकत्र होतात, मग मनगटाच्या आतल्या बाजूला धरून मनात दहा आकडे मोजते. दहापर्यंत निवांत धरवत असेल तर डोळ्यांवर चालते. पापणीवर आधी पाण्यात भिजवून पिळलेला मलमलीचा पातळ तुकडा ठेवते, कोरड्या शेकापेक्षा ओलसर शेक कातडीला सोसतो. अशी पोटली सहा-सात मिनिटं कामाची ऊब देते. नंतर पुन्हा एकदा गरम केली की झालं. जवसाला जळकट वास यायला लागला की दाणे बदलायचे. खर्च म्हणाल तर पाव किलो जवसाचा. लहान मुलांना आणि ज्यांना मधुमेहामुळे कातडीची जाणीव कमी झाली आहे त्यांना मात्र दुसऱ्या कुणीतरी तपासूनच द्यावी.

शेकानंतर मालिश. यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, पण लोक हीच पायरी चुकवतात. तेल वितळलं तरी ते आपण ढकलल्याशिवाय बाहेर येत नाही. हात साबणाने धुवायचे, नखं कापलेली हवीत. खाली बघत वरच्या पापणीवर बोटाने वरून खाली, केसांच्या दिशेने, हलका दाब देत यायचं. वर बघत खालच्या पापणीवर खालून वर. दाब पापणीवर द्यायचा, डोळ्याच्या गोळ्यावर नाही. हे शेक संपल्या संपल्या, पापणी गरम आहे तोवरच. चहा घेऊन मग करू म्हटलं की तेल पुन्हा थिजलेलं असतं. काचबिंदू असलेल्यांनी किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश करू नये. त्यासाठी प्लॅस्टिकची आणि कंपनाची बारीक यंत्रंही विकायला आहेत. मी घेतली नाहीत, बोटाला जी जाण असते ती त्यांना कुठून येणार?

तिसरी पायरी धुण्याची. इथे वर्षानुवर्षं बेबी शाम्पू सांगितला जातो. कोमट, उकळून गार केलेल्या पाण्यात दोन-चार थेंब, त्यात कापसाची काडी बुडवून केसांच्या मुळाशी आडवी फिरवायची, मग साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो आणि पापुद्रे निघतात. मीही बराच काळ तोच वापरला. पण न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी 2018 साली बेबी शाम्पू आणि पापण्यांसाठीच केलेला फेस यांची तुलना केली, तेव्हा शाम्पूच्या बाजूला अश्रूंमधला ओलावा धरून ठेवणारा श्लेष्माचा थर कमी झालेला आढळला. अर्थात शाम्पू केसांचं तेल काढण्यासाठीच असतो, आणि आपल्याला पापणीवर तेल हवं असतं. माझा अनुभवही त्याच्याशी जुळतो. शाम्पूने कडा स्वच्छ होत, पण तासाभरात कातडी ओढल्यागत व्हायची, डोळे चरचरायचे.

मग पापण्यांचा तयार फेस घेतला, पंपाच्या बाटलीत येतो तो. बाटली चारशे-पाचशेच्या घरात पडते आणि एका वेळी एकच दाब लागत असल्यामुळे दोन-अडीच महिने सहज पुरते. डोळे मिटून पापण्यांवर बोटांनी गोल फिरवायचा, अर्ध्या मिनिटाने धुवायचा. चरचरत नाही, वास नाही. शाम्पू सोडून याच्यावर आल्यापासून सकाळचे चिकटलेले डोळे जवळजवळ थांबले. पैसे कुठे घालावेत असं कुणी विचारलं तर मी सांगेन, मास्कवर नको, यावर घाला. पोटली घरी होते, फेस घरी होत नाही.

ओल्या पुसण्या, म्हणजे लिड वाइप्स, गुणाने चांगल्या, पण एकेक सुटी पुडी महाग पडते. मी पुडी मधोमध कापून दोन्ही डोळ्यांना अर्धी अर्धी वापरते. एकाच तुकड्याने दोन्ही डोळे पुसायचे नाहीत, हे मात्र पाळते. मेकअप काढायचे साधे वाइप्स या कामाला घेऊ नका, त्यात अनेकदा अत्तर आणि अल्कोहोल असतं. हायपोक्लोरस अॅसिडचा फवाराही मिळतो. नाव ऐकून भीती वाटते, पण आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच द्रव्य तयार करतात. पापण्यांसाठीचा फवारा 0.01 टक्क्यांच्या आसपास, फार सौम्य असतो. मॅडमनी मला रांजणवाडी उठायची लक्षणं दिसली की तेवढ्यापुरता वापरायला सांगितला आहे. कापसावर मारून मिटलेल्या पापणीवर फिरवायचा. त्याने पापुद्रे निघत नाहीत, म्हणून तो धुण्याच्या ऐवजी नाही, धुण्यानंतर.

घरगुती उपायांकडे येते. यावर मला तळमळीने लिहायचं आहे, कारण हे उपाय प्रेमाच्या माणसांकडून येतात आणि त्यांना नाही म्हणता येत नाही.

माझ्या सासूबाई घरी काजळ धरतात. एरंडेलाची वात, वर तांब्याचं भांडं, जमलेली काजळी तुपात कालवून डबीत. डोळे लाल दिसले की म्हणायच्या, "काजळ घाल गं, डोळे निवतील." डोळ्यांत काजळ घातल्यावर तूप-एरंडेलामुळे क्षणभर निवल्यासारखं वाटतंही. पण काजळ आपण घालतो ते पापणीच्या आतल्या कडेवर, म्हणजे नेमकं त्या छिद्रांच्या ओळीवर. तुंबलेल्या छिद्रांवर काजळीचं बूच. मॅडमनी ते पडद्यावर दाखवलं तेव्हा मी ते मोबाइलवर काढून आणलं आणि सासूबाईंना दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग कानामागं लाव." तेव्हापासून त्या नातवंडांनाही डोळ्यांत घालत नाहीत, कपाळावर तीट लावतात. बाजारातल्या काही सुरम्यांमध्ये शिसं सापडलेलं आहे, त्यामुळे लहान मुलांच्या डोळ्यांत तर तो नकोच.

त्रिफळ्याचं पाणी, गुलाबजल, मध, दुधाचे थेंब, धोतरात गाळलेलं कोथिंबिरीचं पाणी: यातलं काहीही उघड्या डोळ्यात जाऊ नये असं माझं ठाम मत झालं आहे. कारण साधं आहे. ही द्रव्यं निर्जंतुक नसतात. घरच्या पाण्यात, माठातल्या, टाकीतल्या पाण्यातसुद्धा अकांथामीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो, तो बुबुळात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार करावे लागतात. मिटलेल्या पापणीवर गुलाबजलाचा कापूस ठेवून कुणाला गार वाटत असेल तर ठेवा, आजारावर मात्र त्याचा काही उपयोग नाही. रांजणवाडीवर लवंग किंवा खारकेची बी उगाळून लावतात, तेही टाळा. लवंगेचं तेल डोळ्यात उतरलं तर आग होते, आणि रांजणवाडी बहुतेक वेळा नुसत्या शेकानेच फुटते किंवा जिरते. तळहातावर बोट घासून गरम करून लावायची जुनी पद्धत आहे, तिच्यात निदान विचार बरोबर आहे, ऊब द्यायची. फक्त ती ऊब पुरत नाही आणि बोट स्वच्छ असेलच असं नाही.

एरंडेलाला मात्र मी सरसकट नाही म्हणणार नाही. न्यूझीलंडमध्येच 26 रुग्णांवर एक लहानसा अभ्यास झाला, त्यात महिनाभर मिटलेल्या पापण्यांच्या बाहेरून शुद्ध एरंडेल लावल्यावर लाली आणि पापुद्रे कमी झाले. अभ्यास छोटा आहे, त्यावर उड्या मारू नयेत. पण मॅडमना विचारून मी रात्री धुणं झाल्यावर, काडीच्या टोकावर मावेल एवढंच एरंडेल केसांच्या मुळांवर बाहेरून लावते. घाण्याचं नव्हे, औषधाच्या दुकानातलं शुद्ध केलेलं. हिवाळ्यात त्याने कातडी मऊ राहते. जास्त लावलं तर रात्रभर नजर धूसर होते.

टी ट्री ऑइलबद्दल विशेष जपून. पापणीच्या केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे कोळ्याच्या जातीचे बारीक जीव राहतात, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. ते वयाबरोबर वाढतात, पुष्कळांना असतात आणि त्रास देत नाहीत. पण फार वाढले की केसाच्या मुळाभोवती मेणचट, बांगडीच्या आकाराचा पापुद्रा दिसतो. खाज सकाळी जास्त असते. टी ट्रीमधला टर्पिनेन-4-ऑल हा घटक त्यांच्यावर चालतो, हे खरं. पण त्वचेसाठी, मुरमांसाठी म्हणून शंभर टक्क्यांची जी छोटी काचेची बाटली विकतात ती पापणीवर लावायची नाही, पाण्यात मिसळूनही नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आणि तो थेंब बुबुळावर गेला तर इजा होते. घ्यायचंच असेल तर पापण्यांसाठीच बनवलेली पुसणी, आणि तीही डॉक्टरांनी डेमोडेक्स बघून सांगितल्यावर. यावर लोटिलेनर नावाच्या ड्रॉप्सना अमेरिकेत 2023 साली मंजुरी मिळाली आहे.

औषधांबद्दल थोडंच, कारण ते डॉक्टरांचं काम आहे. सूज उसळली की मला अॅझिथ्रोमायसिनचं मलम आणि एकदा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांचा कोर्स दिला होता. ती गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. उन्हाचाही त्रास होतो. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती देत नाहीत. एका औषधाच्या दुकानात मला लाल डोळे बघून न विचारता स्टेरॉइडचे ड्रॉप पुढे केले गेले होते. "दोन दिवसांत डोळे पांढरे होतील बघा ताई" असं दुकानदाराने सांगितलं. होतातही. पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर होतो. मी ते घेतले नाहीत. कुणाच्याही घरात अशी बाटली "लाल डोळ्याची" म्हणून फ्रीजच्या दारात पडलेली असेल तर तिच्यावरचं नाव डॉक्टरांना वाचून दाखवा. कृत्रिम अश्रू दिवसात चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा.

जवसाची चटणी आमच्या जेवणात कायम असते, आणि ओमेगा-3 मुळे डोळ्यांना चांगली म्हणून मला अनेकांनी कॅप्सूलही सुचवल्या. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, पाचशेहून अधिक रुग्णांच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत कोरड्या डोळ्यांवर माशाच्या तेलाच्या गोळ्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. म्हणून कॅप्सूलवर मी पैसे घालत नाही. चटणी खाते, भाकरीबरोबर चांगली लागते म्हणून. डोक्यातला कोंडा मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. भुवया, नाकाच्या कडा, कानामागे कोंडा असेल तर पापणीवरचाही त्याच घरचा असतो. डोक्याला त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेला कीटोकोनाझोलचा शाम्पू लावायला लागल्यावर माझ्या भुवयांचा कोंडा गेला आणि पापण्यांचाही निम्म्याने उतरला. तो शाम्पू डोळ्यात जाऊ द्यायचा नाही.

कामाच्या जागी केलेले बदल विकत घ्यायच्या वस्तूंपेक्षा कमी नाहीत. पंख्याचा झोत तोंडावरून बाजूला वळवला. बाजूंनी झाकणारा साधा पारदर्शक गॉगल घेतला, वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात शे-दीडशेला मिळतो, तूस बाहेर राहतं. आणि कापडाचा प्रत्येक तागा संपला की मान वर करून पापण्या पूर्ण, घट्ट मिटायच्या, दोन सेकंद, चार-पाच वेळा. आमच्या टेबलावरच्या दोघी जणीही आता हे करतात.

सुरुवातीला शेक-मालिश-धुणं सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा केलं. फरक जाणवायला तीन-चार आठवडे लागतात, आधीच्या दिवसांत उलट चिकटपणा वाढल्यासारखा वाटतो, कारण साठलेलं बाहेर येत असतं. त्या काळात सोडू नका. आता मी फक्त रात्री करते, तूर आणि कापसाच्या धुळीच्या दिवसांत पुन्हा दोन वेळा.

एका डोळ्याला सतत रांजणवाडी तिथेच उठत असेल, पापणीचे केस एका जागी गळत असतील, गाठ महिनाभरात जिरत नसेल, उजेड सहन होत नसेल, नजर धूसर होऊन पापण्या मिटल्यावरही साफ होत नसेल किंवा डोळ्यात ठणका असेल, तर त्या दिवशी पोटली तव्यावर ठेवायची नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, आणि जाताना वापरत असलेली प्रत्येक बाटली, ट्यूब आणि डबी पिशवीत घालून न्यायची, काजळाचीसुद्धा.